आकडा वाऱ्याचा, मरण पाण्याचे : गॅल्व्हस्टन, १९००

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "सर, चक्रीवादळ येणार असलं की टीव्हीवर ताशी अमुक किलोमीटर असा आकडा सांगतात. त्या आकड्यावरून किनाऱ्यावरच्या माणसाने घर सोडायचं की नाही, हे कसं ठरवायचं?" वेळ संपली होती, म्हणून तेव्हा आम्ही उत्तर दिले नाही. आज देतो. प्रश्न वरवर हवामानशास्त्राचा दिसतो, आणि आम्ही तर जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. पण मुळात तो अनुमानाचा प्रश्न आहे. एक गोष्ट दिसली, तिच्यावरून न दिसलेली दुसरी गोष्ट कधी ठरवावी आणि कधी ठरवू नये, असा.

आधी एक कबुली देतो. २०२० सालच्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्याकडे निघाले होते. श्रीवर्धनच्या बाजूला आमच्या थोरल्या वहिनी राहतात. कौलारू घर, मागे नारळ-पोफळीची वाडी. आदल्या रात्री त्यांचा फोन आला. "भावोजी, पंचायतीची माणसं सांगून गेलीत, शाळेत चला म्हणून. करोनाचे दिवस, तिथे ही गर्दी. जाऊ का नको?" आम्ही बातम्यांतला आकडा ऐकला होता, ताशी शंभर ते एकशेवीस. अमेरिकेतली वादळे अडीचशेची असतात हेही वाचलेले होते. आम्ही म्हणालो, "वहिनी, हे त्या मानानं मध्यम आहे. दारं-खिडक्या लावून घरातच बसा." पुढे काय झाले ते शेवटी सांगू. एवढेच ध्यानात ठेवा, की आमचा आकडा बरोबर होता आणि सल्ला चूक होता. आजचे व्याख्यान या दोन गोष्टींच्या मधल्या फटीबद्दल आहे.

आता जाऊ अमेरिकेत, टेक्सास राज्यात. मेक्सिकोच्या आखाताला लागून एक लांबट, अरुंद, वाळूचे बेट आहे. त्यावर वसलेले शहर गॅल्व्हस्टन. १९०० साली लोकवस्ती सुमारे ३८,०००. कापसाच्या निर्यातीचे मोठे बंदर, श्रीमंत पेढ्या, नाटकगृहे, विजेचे दिवे. आणि बेटाचा सगळ्यात उंच भाग समुद्रसपाटीपासून किती? नऊ फुटांच्याही आत. म्हणजे आपल्या घराचे छतसुद्धा त्याहून उंच असते.

या शहरात सरकारी हवामान कार्यालयाचा प्रमुख होता आयझॅक क्लाइन. हुशार, मेहनती माणूस, वैद्यकाचीही पदवी घेतलेली. १८९१ साली त्याने तिथल्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. गॅल्व्हस्टनला चक्रीवादळाचा मोठा धोका आहे असे मानणे हा भ्रम आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचे म्हणणे असे, की आखातातली बहुतेक वादळे टेक्सासपर्यंत पोचत नाहीत, आधीच उत्तरेला-ईशान्येला वळतात. आणि पाणी चढलेच, तर बेटामागच्या सखल जमिनीवर पसरेल.

गंमत म्हणजे, त्याच किनाऱ्यावर इंडियानोला नावाचे बंदर होते. १८७५ साली वादळाने त्याची वाताहत केली. लोकांनी ते पुन्हा उभे केले. १८८६ साली पुन्हा वादळ आले आणि ते गाव कायमचे उठले. हा दाखला क्लाइनला माहीत नव्हता असे नाही. त्याने तो अपवाद मानला. इंडियानोला उजाड झाल्यावर गॅल्व्हस्टनमध्ये समुद्रभिंत बांधायची चर्चा झाली होती, पण भिंत बांधली गेली नाही. तज्ज्ञच म्हणतोय धोका नाही, तर पैसा कोण खर्च करणार?

असेच एक उदाहरण आपल्याकडचे. 'सायक्लोन' हा शब्दच कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या तिथल्या अधिकाऱ्याने १८४८च्या सुमारास, सापाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक शब्द घेऊन तो बनवला. सुंदरबनाच्या बाजूला मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते, तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरलला कळवले, की तिथे वादळाबरोबर समुद्राचे पाणी चढून सगळे बुडेल. ऐकले कोणी नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि १८६७च्या वादळात त्याची दैना झाली. तिथे जाणकार ओरडून सांगत होता आणि सरकार ऐकत नव्हते. गॅल्व्हस्टनमध्ये जाणकारच निर्धास्त होता. परिणाम सारखाच.

सप्टेंबर १९००. वादळ क्युबावरून पुढे सरकले. क्युबातल्या बेलेन वेधशाळेत जेझुइट पाद्री वर्षानुवर्षे वादळांचा अभ्यास करत होते. त्यांचा अंदाज असा की हे आखातात शिरून पश्चिमेकडे जाईल. वॉशिंग्टनच्या कार्यालयाचे मत होते, की ते फ्लोरिडाकडून ईशान्येला वळेल. क्युबा तेव्हा अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता, आणि क्युबन मंडळींचे हवामानाचे संदेश तारेने पाठवण्यावर अमेरिकनांनी बंधने घातलेली होती. 'ही माणसे उगाच घाबरवतात' असा समज. ज्ञान होते, पण ते ज्याच्याकडे होते त्याची पत नव्हती. शिवाय स्थानिक कार्यालयाला 'हरिकेन' असा इशारा वॉशिंग्टनच्या परवानगीशिवाय देता येत नसे.

८ सप्टेंबर, शनिवार. सकाळपासून रस्त्यांवर पाणी आले. पोरे त्यात खेळत होती, मोठी माणसे लाटा बघायला किनाऱ्यावर जमली होती. वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. असा वारा असताना समुद्र मागे हटायला हवा ना? तो उलट चढत होता. क्लाइनने ही विसंगती टिपली होती. आपण घोड्यागाडीतून किनाऱ्यावर फिरून लोकांना सावध केले, असे त्याने पुढे लिहून ठेवले. त्याबद्दल अभ्यासकांत शंका आहेत, पण तो वाद आज बाजूला ठेवू.

दुपारपर्यंत बेटाला मुख्य भूमीशी जोडणारे पूल पाण्याखाली गेले. निघायची वेळ संपली. संध्याकाळी वारा फिरला, आणि साडेसातच्या सुमारास पाणी चार सेकंदांत चार फूट चढले, असे क्लाइनने आपल्या अहवालात नोंदवले आहे. पाण्याची उंची पंधरा फुटांच्या वर गेली. नऊ फूट उंचीचे बेट, पंधरा फूट पाणी. हिशोब एवढाच आहे. किनाऱ्यालगतची घरे मोडली, त्या मोडक्या घरांचा ढिगारा लाटांनी पुढच्या ओळीवर आदळला, ती ओळ मोडली, ढिगारा आणखी वाढला. क्लाइनचे घर भक्कम म्हणून सुमारे पन्नास माणसे तिथे आसऱ्याला आली होती. ट्रामच्या रुळांचा एक लांबलचक सांगाडा वाहत येऊन घरावर आदळला आणि घर कोसळले. क्लाइन आणि त्याच्या मुली वाचल्या. त्याची बायको कोरा, त्या वेळी गरोदर, गेली. किनाऱ्यावरच्या सेंट मेरी अनाथाश्रमात दहा जोगिणींनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने स्वतःशी बांधून घेतले होते. नव्वद मुले आणि दहाही जोगिणी गेल्या, तीन मुलगे तेवढे वाचले.

एकंदर किती माणसे गेली? कमीत कमी ६,०००. सर्वसाधारणपणे ८,००० धरतात, काही १२,००० पर्यंत जातात. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक संकटाने एवढी माणसे आजवर कधी मेली नाहीत.

आता आकड्याकडे येऊ. त्या काळी वादळाला श्रेणी देण्याची पद्धत नव्हती. ती आली १९७०च्या दशकाच्या तोंडावर. हर्बर्ट सॅफिर नावाचा इंजिनियर, वादळी प्रदेशातल्या स्वस्त घरांचा अभ्यास करत होता. कोणत्या वाऱ्याला घराचे काय होते, याच्या त्याने पाच पायऱ्या केल्या. हवामान खात्यातल्या रॉबर्ट सिम्पसनने त्यात समुद्राच्या उधाणाची भर घातली. ही सॅफिर-सिम्पसन मोजपट्टी. पहिली श्रेणी ताशी ११९ ते १५३ किलोमीटर, दुसरी १५४ ते १७७, तिसरी १७८ ते २०८, चौथी २०९ ते २५१, आणि २५२च्या पुढे पाचवी. गॅल्व्हस्टनचे वादळ आज चौथ्या श्रेणीत धरतात.

आपल्या भारतीय हवामान विभागाची पट्टी वेगळी. ६२ ते ८८ चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र, ११८ ते १६५ अतितीव्र, तिच्या वरची श्रेणी २२०पर्यंत, आणि २२१ पासून पुढे महाचक्रीवादळ. अमेरिकेत वाऱ्याची सरासरी एका मिनिटाची घेतात, आपल्याकडे तीन मिनिटांची. म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून सरळ तुलना करू नये. आम्ही वहिनींना फोनवर नेमके तेच केले होते!

आणखी एक गोष्ट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. १२०चा वारा आणि २४०चा वारा यांत हा फरक आहे. तेव्हा आकडा निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. कौले उडतील का, खांब पडतील का, झाड उन्मळेल का, हे त्यावरून बऱ्यापैकी कळते.

पण माणसे कशाने मरतात? अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांतल्या वादळी मृत्यूंचा अभ्यास झाला. थेट वादळाने झालेल्या दर दहा मृत्यूंपैकी सुमारे नऊ पाण्याने झाले होते. निम्मे समुद्राच्या उधाणाने, त्यानंतर पावसाच्या पुराने. वाऱ्याचा वाटा अगदी लहान. आणि श्रेणी मोजते फक्त वारा. पूर्वी श्रेणीला जोडून उधाणाची उंचीही देत असत. ती फसवी ठरते म्हणून २०१०पासून तिथल्या यंत्रणेने तीही काढून टाकली.

इथे आम्हाला आमचे जुने न्यायशास्त्र आठवते. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती खरी. पण उलटी करून बघा, 'जिथे अग्नी तिथे धूर'. ती टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओले सरपण लागते. नैयायिक या ओल्या सरपणाला 'उपाधी' म्हणतात. म्हणजे मधली अट, जी आपण बोलताना विसरून जातो. 'वारा मोठा तर हानी मोठी, वारा लहान तर हानी लहान' हे वाक्य असेच सोपाधिक आहे. त्यातले ओले सरपण कोणते? किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ आहे की खोल. किनारा फनेलसारखा आत शिरलेला आहे का. वादळाचा घेर केवढा. ते झपाट्याने जाते की रेंगाळते. त्या वेळी भरती आहे की ओहोटी. आणि घर किती उंचावर, कशाचे, त्यात कोण राहते.

हे नुसते तर्कट नाही. नोव्हेंबर १९७०मध्ये आजच्या बांगलादेशात भोला बेटावर वादळ आले, निदान तीन लाख माणसे गेली. ऑगस्ट १९९२मध्ये फ्लोरिडात 'अँड्र्यू' आले, ते वाऱ्याने त्याहून जोरदार, पाचव्या श्रेणीचे. मृत्यू ६५. फरक कशाचा? उथळ उपसागर, भरतीची वेळ, मातीची सखल बेटे, न पोचलेला इशारा. २००५ साली 'कॅट्रिना' किनाऱ्यावर आले तेव्हा तिसऱ्या श्रेणीवर उतरलेले होते. पण समुद्रात ते अवाढव्य असताना ढकललेले पाणी काही श्रेणी उतरली म्हणून मागे फिरले नाही. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर ते सत्तावीस फुटांवर चढले. २०१७चे 'हार्वे' किनाऱ्यावर येऊन रेंगाळले, वारा मंदावला, आणि टेक्सासमध्ये एका ठिकाणी साठ इंच पाऊस पडला. वारा मंदावल्यावर, बरं का!

मग माणसाने करायचे काय? याची दोन उत्तरे इतिहासात सापडतात, आणि दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

पहिले गॅल्व्हस्टनचे. १९०२ ते १९०४ या काळात तिथे सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून लांब काँक्रीटची भिंत बांधली. मग त्यांनी शहरच उचलले. दोन हजारांहून अधिक इमारती, चर्चसकट, जॅक लावून वर घेतल्या आणि खाली समुद्रतळाची वाळू पंपाने भरली. हे काम १९११पर्यंत चालले. लोक तेवढी वर्षे फळ्यांच्या उंच वाटांवरून चालत, आणि आपापले घर उचलायचा खर्च बहुतेकांनी स्वतः केला. १९१५ साली तसेच वादळ पुन्हा आले. भिंतीआडच्या शहरात मृत्यू अगदी थोडे झाले.

पण २००८ साली 'आइक' आले, श्रेणी फक्त दुसरी. 'दुसरीच तर आहे, शिवाय भिंत आहे' म्हणून हजारो माणसे घरातच राहिली. घेर प्रचंड होता. पाणी भिंतीवरून नाही, बेटामागच्या खाडीकडून शहरात शिरले. भिंत बांधली की भिंतीचीही व्याप्ती मनात तयार होते, ती अशी.

दुसरे उत्तर ओडिशाचे. २९ ऑक्टोबर १९९९ला पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले, जवळपास दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे केले. किनाऱ्यालगत निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, सराव घेतले. १२ ऑक्टोबर २०१३ला गोपाळपूरजवळ 'फायलिन' आले, ताशी दोनशेच्या वर. सुमारे दहा लाख माणसे आधी हलवली होती. मृत्यू पन्नासच्या आत. समुद्र तोच, वारा थोडा कमी, पण जोरदारच. मधले ओले सरपण तेवढे काढून घेतले होते.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. घर सोडायचे की नाही, हे वाऱ्याच्या आकड्यावरून ठरवू नका. आपल्या जागेवरून ठरवा, आणि आज, ऊन पडलेले असताना ठरवा. सूत्र सोपे आहे : पाण्यापासून पळायचे, वाऱ्यापासून लपायचे. घर सखल भागात, खाडीच्या तोंडाशी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असेल, तर इशारा मिळताच निघायचे. घर उंचावर, पक्क्या स्लॅबचे असेल, तर आत थांबता येईल. तेही खिडक्यांपासून दूर, मधल्या खोलीत. कौलारू किंवा पत्र्याचे घर उंचावर असले तरी ते लपायची जागा नव्हे.

आपल्याकडे हवामान विभाग वादळाच्या सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना देतो, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा. तीन दिवस मिळतात, त्यांचे तीन भाग करा. पहिल्या दिवशी घराबाहेरचे बघा : वठलेल्या फांद्या तोडा, सुटे पत्रे बांधा, होडी वर ओढून बांधा, विहिरीचे पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवी भरा : रेशनकार्ड, सातबारा, बँकेची पुस्तके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आठवडाभराची औषधे, विजेरी, सेलवरचा रेडिओ, सुटे पैसे. वीज गेली की एटीएम आणि मोबाइलवरचे पैसे दोन्ही बंद पडतात, हे कोकणाने अनुभवलेले आहे. तिसऱ्या दिवशी उजेड असताना निघा. पूल बुडाल्यावर निघता येत नाही, हे गॅल्व्हस्टनने दाखवलेच. गुरे दावणीला बांधून सोडून जाऊ नका.

वारा एकदम पडला आणि आभाळ मोकळे दिसले तर बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने सुटतो. वादळ सरल्यावर पडलेल्या तारांना हात लावू नका, साचलेल्या पाण्यातून चालू नका, आणि जनरेटर घरात चालवू नका. त्याच्या धुराने बंद घरात माणसे मेलेली आहेत.

आणि एक यादी गावात आधीच हवी. कोण एकटे राहते, कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही. वादळाच्या आदल्या रात्री ती करायला वेळ नसतो.

आता आमच्या वहिनी. ३ जूनला दुपारी वादळ आले. नंतर पाच दिवस तिकडचा फोन लागला नाही. ते पाच दिवस आम्ही पुण्यात बसून काय विचार केला असेल, ते तुम्हीच ओळखा. सहाव्या दिवशी फोन लागला. सकाळी शेजारचा मुलगा आला होता. त्याने वहिनींचे काही ऐकले नाही, आणि आमचा सल्ला तर त्याला ठाऊकच नव्हता. हाताला धरून शाळेत घेऊन गेला. दुपारी परसातला फणस स्वयंपाकघरावर पडला, माजघराचे छप्पर गेले, वाडीतल्या पोफळी मोडून आडव्या झाल्या. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावोजी, तुमचं बरोबर असेल हो, वारा मध्यमच असेल. पण घर जुनं आहे ना."

गॅल्व्हस्टनच्या दुर्घटनेनंतर क्लाइनची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. पुढची अनेक वर्षे त्याने वादळाबरोबर चढणाऱ्या पाण्याचाच अभ्यास केला, आणि त्यावर ग्रंथ लिहिला. १९१५ साली त्या बाजूला वादळ आले, तेव्हा त्याने वेळेवर, स्पष्ट इशारे दिले आणि पुष्कळ माणसे वाचली. आपल्या चुकीचे त्याने असे काही केले. आमच्या हातात वेधशाळा नाही, म्हणून आम्ही हे व्याख्यान दिले.

घरी गेल्यावर एक काम करा. तुमचे कोणी किनाऱ्यावर राहत असेल, तर आजच फोन करून विचारा : तुमचं घर समुद्रापासून किती उंचावर आहे, छप्पर कशाचं आहे, आणि वेळ आली तर तुम्हाला हाताला धरून कोण नेणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत फोन ठेवू नका.